उजवीकडची स्टिक

"रंगराव, विमानात दुसरी स्टिक बसवायचीय."

हिंदुराव माझ्या फर्निचरच्या दुकानात आले, नुकत्याच पॉलिश केलेल्या दिवाणावर बसले आणि एवढंच म्हणाले. पॉलिश ओलं होतं. एरवी मी ओरडलो असतो, पण जे ऐकलं त्यापुढं पॉलिशच विसरलो.

"कुठं?"

"विमानात म्हणजे विमानातच. सोफ्यात बसवतात व्हय?"

"पण कुणासाठी?"

"उजवीकडं कोण बसतं?"

"मी."

"मग तुमच्यासाठीच की."

एवढं बोलून ते उठले. पांढऱ्या विजारीवर मागच्या अंगाला सागवानी रंगाचे दोन झकास पट्टे उमटले होते. ते त्यांनी पाहिले नाहीत आणि मीही सांगितले नाहीत. आमचं नातंच तसं होतं. आम्ही साडू.

हिंदुराव म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी त्यांना अण्णा म्हणायचो. कोल्हापुरात उद्यमनगरात त्यांचं लेथमशीनचं वर्कशॉप होतं. ऑइल इंजिनाचे सुटे भाग करता करता या माणसाला एक दिवस वाटलं की आपण विमान करावं. मग परदेशातून नकाशे मागवले, परवानग्यांसाठी खेटे घातले आणि कामाला लागले. सांगाडा त्यांनी वेल्डिंग करून उभा केला, पंखांच्या लाकडी फासळ्या मी घडवल्या आणि त्यांवर कापड ताणलं. मधल्या काळात दोघांनी एका फ्लाइंग क्लबात जाऊन वैमानिकाचं लायसन्सही काढलं. आमच्या बायकांनी कित्येक वर्षं रविवार म्हणून काही पाहिला नाही. शेवटी विमान झालं. पिवळंधमक, शेजारी-शेजारी दोघं बसतील असं, शेपटीवर 'जोतिबा प्रसन्न'.

आत बसायला गेलो तेव्हा मला दिसलं की जागा दोन आहेत, पण स्टिक एकच. स्टिक म्हणजे वैमानिकाच्या दोन पायांच्या मधून वर येणारी काठी. मोटारीला स्टिअरिंग, तशी विमानाला ती. डावी-उजवीकडे कलवली की विमान त्या अंगाला कलतं, ओढली की नाक वर, ढकलली की नाक खाली. नकाशात दोन स्टिक होत्या. अण्णांनी उजवीकडची गाळली होती.

"बैलगाडीला दोन गाडीवान असतात व्हय?" ते म्हणाले होते. "दोघं हाकायला लागली की गाडी ओढ्यात."

"मग मी काय करायचं?"

"खाली बघायचं. वरनं ऊस लई छान दिसतो."

दोन वर्षं मी ऊस बघितला. मी डावीकडे बसतो म्हटलं की एकतर वारं सुटलेलं असायचं, नाहीतर इंजिन तापलेलं असायचं, नाहीतर अण्णाच तापलेले असायचे. त्यामुळे त्या दिवशी ओल्या दिवाणावर बसून ते स्वतःहून जे बोलले, तो मी माझा विजय धरला. दुसरं काय समजणार?

घरी गेलो. इंदू मेथी निवडत होती.

"तुझे भाऊजी शरण आले," मी म्हणालो. "मला स्टिक देतायत."

"बरं झालं," इंदू म्हणाली आणि मेथीची जुडी घेऊन आत गेली. मला वाटलं होतं, ही निदान हसेल तरी.

विमान आमच्या सासुरवाडीला असायचं. शिंगणवाडीला आबांचा, म्हणजे आमच्या सासऱ्यांचा, लांबलचक सपाट माळ होता. त्यावर काही पिकत नव्हतं, म्हणून त्यांनी आम्हाला तो उडायला दिला होता. कडेला पत्र्याची शेड होती. आम्ही दर रविवारी तिथं ठाण मांडायचो. जुने पैलवान असलेले आबा पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "जावई म्हणजे पाहुणा असतो. हे दोघं आमच्यात बिऱ्हाडकरू झालेत."

काम वाटलं त्यापेक्षा वाकडं निघालं. विमान बांधतानाच दुसरी स्टिक बसवणं सोपं. पण झालेल्या विमानात बसवायची म्हणजे बांधलेल्या घरात नंतर जिना घालण्यासारखं. मी विमानाच्या तळाची फळी कापली, अण्णांनी खालची आडवी नळी वाढवली, तिच्यावर दुसरी स्टिक उभी केली आणि दोन्ही स्टिक एका सळईनं एकमेकींना जोडल्या, म्हणजे एक हलवली की दुसरी आपोआप हलेल. पायातली पेडलंही जोडली. फक्त ब्रेक उजवीकडे द्यायला अण्णा कबूल होईनात.

"जागाच न्हाई तिथं."

"जागा आहे. मी मोजलीय."

"तुम्हाला सगळंच एकदम पाहिजे. लग्नात बी असंच केलंसा. घड्याळ बी पाहिजे आणि सायकल बी पाहिजे."

"घड्याळ तुम्हाला मिळालं होतं. मला नुसती सायकल."

"घड्याळ बंद पडलं. सायकल अजून चालतीय न्हवं?"

ब्रेक राहिले ते राहिलेच.

पहिल्यांदा सगळं जोडून झालं त्या रविवारी आम्ही दोघं आत बसलो. अण्णा म्हणाले, "हं, कलवा." मी माझी स्टिक डावीकडे नेली. त्यांची उजवीकडे आली. दोन एडके टक्कर घेतात तशा दोन्ही मुठी मधोमध एकमेकींवर आपटल्या आणि मध्ये अण्णांचा अंगठा सापडला.

जे काही अण्णा बोलले ते ऐकून आबा पायरीवरून उठून आत गेले.

सळई एका स्टिकला, ती ज्या खिळीवर डोलते त्या खिळीच्या वर जोडली गेली होती आणि दुसरीला खिळीच्या खाली. वरचं भोक कुणी पाडलं आणि खालचं कुणी, यावर पूर्ण दुपार गेली. शेवटी अण्णाच म्हणाले, "राहू दे असंच. तुम्ही डावीकडं म्हटलं की मी उजवीकडं म्हणतोच. विमानाला तेवढं कळलंय." आणि हसायला लागले. अंगठा तोंडात धरून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मीही हसलो. इतकी वर्षं बरोबर काम करून आम्ही एकत्र असे क्वचितच हसलो असू.

ते दुरुस्त झालं तर माझ्या लक्षात आलं की माझी स्टिक त्यांच्यापेक्षा चार बोटं आखूड आहे.

"तुम्हाला लांब कशाला पाहिजे?"

"आखूड स्टिकला जोर जास्त लागतो अण्णा. हे लेथवाल्याला मी सांगायचं?"

"तरणेबांड आहात. लावा की जोर."

"आणि तुमची लांब का?"

"मी थोरला जावई हाय."

त्यावर मी पान्हा खाली ठेवला, चपला घातल्या आणि पायी एसटी स्टँडकडे निघालो. ओढ्यापर्यंत पोचलो असेन, तर मागून अण्णा आबांची सायकल दामटत आले. सायकल लहान, माणूस मोठा. धापा टाकत म्हणाले, "या माघारी. मी माझी कापतो." आणि खरंच त्यांनी स्वतःची स्टिक चार बोटं कापली. मला वाटलं, आता हा माणूस पुरता नमला. त्यांची धाप मात्र शेडमध्ये आल्यावरही बराच वेळ बसत नव्हती. मी म्हणालो, "पोट कमी करा." ते म्हणाले, "व्हय."

एरवी या वाक्यावर त्यांनी माझ्या सात पिढ्या काढल्या असत्या.

पुढच्या रविवारी राजाक्का आणि इंदू चहा आणि भडंग घेऊन शेडमध्ये आल्या. राजाक्का म्हणजे अण्णांची बायको, आबांची थोरली लेक. ती आजवर विमानाला हातभर लांबूनच नमस्कार करायची. त्या दिवशी म्हणाली, "बघू तरी, बसून कसं वाटतंय." राजाक्का डावीकडे बसली, इंदू उजवीकडे.

"हे काय, हीच ती?" राजाक्कानं स्टिक इंदूच्या बाजूला रेटली.

"अक्का, माझी माझ्या अंगावर यायलीय. सोड."

"मी कशाला सोडू? तू सोड."

"मी आधी धरलीया."

"मी थोरली हाय."

आम्ही दोघं साडू बाहेर उभे राहून भडंग खात होतो. हे वाक्य कुठं ऐकलंय असं मला वाटलं. दोघी बहिणींनी पाय रोवले, दात-ओठ खाल्ले आणि एकमेकींच्या दिशेनं स्टिक दाबल्या. खालून 'कट्' असा आवाज आला. दोन्ही स्टिक ढिल्या पडल्या. इंदू म्हणाली, "मी काई केलं न्हाई."

अण्णांनी भडंगाची बशी माझ्या हातात दिली, खाली वाकले आणि जोडणारी सळई काढून उजेडात धरली. ती केळीच्या सालीसारखी वाकली होती. बारीक नळीची केली होती आम्ही, वजन वाचवायला. अण्णांनी ती हातात फिरवून बघितली, परत बघितली. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

"वर झालं असतं म्हणजे?" ते हळू म्हणाले. "तुमच्या हातात नुसती मोकळी काठी राहिली असती, रंगराव."

"आणि तुमच्या हातात बाकी सगळं."

"तेच तर."

ते 'तेच तर' मला तेव्हा समजलं नाही. मला वाटलं, माझी काळजी आलीय.

नवी सळई जाड नळीची झाली, टोकांना दुप्पट मजबूत सांधे आले. त्यानंतर जे जे बसवलं ते आम्ही या दोघी बहिणींना आत बसवून भांडायला लावून तपासलं. पेडलं, केबल, खिळी, सगळं. विषय द्यावा लागायचा नाही. आईच्या पाटल्या कुणाला गेल्या, एवढं नुसतं विचारलं तरी विमान गदगदा हलायचं. काही तुटलं नाही.

बदल केलेलं विमान तपासून आधी स्वतः उडवायला पुण्याहून कॅप्टन बेहेरे आले. निवृत्त प्रशिक्षक, काटकुळे, कमी बोलणारे. त्यांनी तासन्‌तास दिवा घेऊन तळाच्या फळीखाली बघितलं, एकट्यानं दोन चकरा मारल्या, उतरले आणि म्हणाले, "ठीक आहे." मग आम्हाला समोर उभं करून बजावलं, "स्टिक दोन झाल्या तरी विमान एका वेळी एकच जण चालवतो. घेताना बोलायचं, देताना बोलायचं. दोघांनी धरणं वाईट. दोघांनी सोडणं त्याहून वाईट."

"आमच्यात सोडणारं कोण न्हाई," अण्णा म्हणाले.

त्यानंतर तीन-चार रविवार कॅप्टन आले, आणि फक्त मला घेऊन उडाले. मला उजवीकडे बसवून पुन्हा पुन्हा उतरायला लावायचे. उजवीकडून सगळं उलटं वाटतं, डावा हात इंजिनाला आणि उजवा स्टिकला. माझी उतरणी अशी व्हायची की आबांच्या कोंबड्या दुसऱ्या दिवशीपर्यंत अंडी द्यायच्या नाहीत.

"अण्णांचा सराव कधी?" मी एकदा विचारलं.

"तुमचा आधी नीट होऊ दे," कॅप्टन म्हणाले.

मी ते घरी येऊन इंदूला सांगितलं. "कॅप्टनना माणसाची पारख आहे. माझ्यात काहीतरी दिसलंय त्यांना." इंदूनं पातेल्यावरचं झाकण काढलं. मग म्हणाली, "तुम्हाला भात वाढू का?"

त्या वर्षी अधिक महिना होता. आबांनी दोन्ही जावयांना धोंड्याच्या जेवणाला बोलावलं. पुरणाचे धोंडे, अनारसे, चांदीचा दिवा, सगळा मानपान. अण्णा म्हणाले, "त्याच दिवशी उडू. आपण दोघंच. कॅप्टन नकोत, कोण नको." निम्मी शिंगणवाडी माळाच्या कडेला येऊन बसली. आबांना खास खुर्ची टाकली होती.

आत बसताना अण्णा म्हणाले, "नवी स्टिक तुमची. उड्डाण तुम्ही करा."

"मी?" मला कानांवर विश्वास बसेना.

"मग काय आबा करणार?"

राजाक्का शेडच्या दारात छातीवर हात ठेवून उभी होती. मी इंजिन चढवलं. अण्णा खिडकीतून ओरडले, "जोतिबाच्या नावानं!" माळावरून उत्तर आलं, "चांगभलं!" आणि आम्ही उडालो. बरं उडालो. बाभळीच्या वरून सुटलो तशी खालची माणसं तिळाएवढी झाली.

पुरेशी उंची आल्यावर अण्णा म्हणाले, "आता द्या माझ्याकडं."

"घ्या. तुमच्याकडे."

त्यांनी स्टिक धरली. मी तयारच होतो, आता हा मला घेऊन कुठंतरी घुसणार, मी उजवीकडे म्हणणार, हा डावीकडे म्हणणार. पण अण्णांनी काहीच केलं नाही. वारणेच्या पात्रावरून हळूच वळवलं, जोतिबाचा डोंगर दिसला तिकडे नाक धरलं, मान किंचित झुकवली. पुन्हा वळवलं. पुन्हा तेवढीच चक्कर. कडेनं उसाचे हिरवे चौकोन सरकत होते. ते अगदी बारीक आवाजात काहीतरी गुणगुणत होते. इतकं मऊ विमान चालवताना मी त्यांना आजवर बघितलं नव्हतं.

"अण्णा, कुठं जायचंय?"

"कुठं न्हाई. हितंच."

बऱ्याच चकरा झाल्या. मग त्यांनी विमान माळाच्या दिशेनं वळवलं, इंजिन कमी केलं, उतरण धरून दिली आणि हात काढून मांडीवर ठेवले.

"चला, उतरवा."

"उतरवा की," मी म्हणालो.

"म्हणजे तुम्ही."

"छे अण्णा. तुम्ही. उड्डाण मी केलं, उतरणं तुमचं."

"आज तुमचा मान."

"थोरल्यांचा मान आधी." खरं सांगायचं तर मला त्यात डाव दिसत होता. सगळी सासुरवाडी खाली बसलेली, माझी उतरणी कशी होते ते अख्ख्या गावाला ठाऊक. "मी आपटलं की तुम्ही वर्षभर सांगत फिरणार. मी नाही धरणार."

"रंगराव, गपगुमान धरा."

"गपगुमान तुम्ही धरा. मी कॅप्टनचं ऐकतो, दोघांनी धरायची नाही." आणि मी हाताची घडी घातली.

विमानाला बिचाऱ्याला मानपान ठाऊक नव्हता. ते आपलं लावून दिलेल्या उतरणीवर शहाण्यासारखं खाली चाललं होतं. ओढा मागं गेला. बाभळीचे शेंडे मोठे दिसायला लागले, मग त्यांच्यावरची घरटी दिसायला लागली. अण्णांचे हात मांडीवरच होते, मुठी आवळलेल्या.

"अहो, धरा!"

"तुम्ही धरा!"

"मला येत न्हाई धरता!"

"का येत नाही? चकरा मारताना बरी आली!"

"खाली-वर करताना धरायची बंदी हाय मला!"

"कुणाची?"

"डॉक्टरची! आणि बायकोची! हृदयाचं झालंय माझ्या! आधी धरा, मग सांगतो!"

मी धरली. कशी धरली ते मला माहीत नाही. बाभळ चाकांना चाटून गेली. मी स्टिक ओढली, जरा जास्तच ओढली. पहिल्यांदा टेकलो तिथून पुरुषभर उंच उडालो. दुसऱ्यांदा टेकलो तेव्हा मागच्या कप्प्यातला पान्ह्यांचा डबा उघडून सगळे पान्हे पुढं आले. तिसऱ्यांदा टेकलो आणि राहिलो, पण विमान तिरकं होऊन आबांच्या कडब्याच्या गंजीकडे धावत सुटलं.

"ब्रेक!" मी ओरडलो. ब्रेक अण्णांच्याच पायात होते.

"ब्रेकला बंदी न्हाई!" अण्णा ओरडले आणि दोन्ही पायांनी उभेच राहिले.

विमान गंजीत नाक खुपसून थांबलं. पुढचा पंखा कडब्यात फटफट करून बंद पडला. धूळ बसली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दिवाळी झाल्यापासनं. लायसन्सची तपासणी होती ना. ठोके चुकतायत म्हणाले. चालायला हरकत न्हाई, जेवायला हरकत न्हाई, भांडायला हरकत न्हाई. विमान एकट्यानं चालवायचं न्हाई, आणि खाली-वर करताना तर धरायचंच न्हाई." त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "शेजारी लायसन्सवाला पाहिजे आणि त्याच्या हातात स्टिक पाहिजे. सगळ्यात आधी तुम्हीच आठवलासा. दुसरं कोण हाय मला?"

"म्हणजे दुसरी स्टिक..."

"मग काय, तुमच्या हौसेसाठी बसवली व्हय?"

"मला सांगायचं होतंत अण्णा."

"सांगून?" ते माझ्याकडे वळले. "सांगितलं असतं म्हणजे त्या क्षणापासनं तुम्ही चांगलं वागायला लागला असता. घरात बायको हाय तशी. रोज सकाळी उठून छातीला हात लावून बघती. कॅप्टन बी बोलताना आवाज बारीक करतात. इंदूनं सुद्धा परवा मला 'जपून' म्हटलं. एक तुम्हीच तेवढे राहिला होतासा. चपला घालून एसटीला निघालासा, तर मला लई बरं वाटलं. वाटलं, अजून माझ्यावर रुसणारं कोणतरी हाय."

मी दोन्ही स्टिककडे एकदा बघितलं. मग म्हणालो, "स्टिक कापलीत ती बरोबर कापली नाहीत. अजूनही अर्धं बोट लांब आहे तुमची."

"हां," अण्णा म्हणाले. "असं."

तोवर सगळे धावत आले होते. राजाक्का सर्वांत पुढं. तिनं आधी नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं, मग माझ्याकडे. इंदूनं मला विचारलं, "सांगितलं व्हय त्यांनी?" मी मान हलवली. राजाक्का पटकन दारापाशी आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "आबांना यातलं काई ठाऊक न्हाई हां. कळलं तर उद्या माळ नांगरून घेतील."

मागून आबा काठी टेकत पोचले. त्यांनी गंजी बघितली, कडब्यात रुतलेला पंखा बघितला, मातीत विमान जिथं जिथं आदळलं होतं ते तीन खड्डे मान वळवून बघितले.

"कोण चालवत होतं?"

अण्णांनी मांडीकडे बघितलं. खाली निम्मं गाव उभं होतं. या माणसानं स्वतः घडवलेलं विमान, दुसरी स्टिक बसवल्यावर आमचं दोघांचं पहिलं उड्डाण, आणि त्याला आता सर्वांसमोर म्हणावं लागणार की मी नव्हतो चालवत. का नव्हता, हेही पुढं येणार. माझं मन भरून आलं. मी छाती पुढं काढून, चांगला मोठ्यानं म्हणालो, "अण्णाच की! दुसरं कोण?"

आबांनी मान डोलावली. "वाटलंच मला."

अण्णांचं तोंड उघडलं.

"मोटरसायकल बी असंच चालवतात," आबा जमलेल्या मंडळींना सांगू लागले. "बघायला आले होते तेव्हा दारातल्या म्हशीवर घातली होती. तरी मी पोरगी दिली."

अण्णा काहीतरी बोलणार होते. राजाक्कानं डोळे मोठे केले. तोंड मिटलं. मान मात्र माझ्याकडे वळली, आणि ती नजर मी जन्मात विसरणार नाही.

जेवणाला पाट मांडले. थोरल्या जावयाचा पाट आधी, ताट आधी, दिवा आधी, हा त्या घरचा रिवाज. आबा स्वतः धोंड्यांचं ताट घेऊन आले, अण्णांच्या समोरून तसेच पुढं गेले आणि ते माझ्यापुढं ठेवलं.

"आबा, थोरले तिकडे," मी म्हणालो.

"असू दे. असल्या माणसाच्या शेजारी बसून जो जिवंत परत आला, त्याला आधी."

पंगत हसली. इंदूनं तोंडाला पदर लावला. मी खाली मान घालून धोंडा फोडला. हसू येत होतं आणि दुसरंही काहीतरी येत होतं. शेजारून अण्णा माझ्या कानाशी वाकले.

"रंगराव, पुढच्या वेळी नीट उतरवा," ते दातांतून म्हणाले. "नाव माझं जातंय."

मी नीट उतरवायला शिकलो. दर रविवारी शिकलो. वर गेल्यावर स्टिक त्यांच्याकडे, उतरताना माझ्याकडे. पण खाली माळावरून बघणाऱ्यांना सगळं अण्णांचंच. वारं आडवं असलं आणि मी जरा झुललो, की संध्याकाळी आबा त्यांना बोल लावायचे आणि अण्णा गाडीत बसल्यावर मला. जाता-येता आम्ही इतके भांडायचो की इंदू मागच्या सीटवर कानात कापूस घालून बसायची. डॉक्टरांनी राजाक्काला हळूच मोजकी वर्षं सांगितली होती, ती उलटली, त्याच्या पुढची काही उलटली. अण्णा आहेत अजून. ठोके चुकतात, पण बोलणं चुकत नाही.

अशाच एका उन्हाळ्यात, सकाळच्या शांत हवेत, मी अशी उतरणी केली की चाकं कधी टेकली ते मलाही कळलं नाही. विमान लोण्यावरून सुरी फिरावी तसं माळावरून सरकलं आणि शेडपुढं येऊन उभं राहिलं. आबा खुर्चीतून उठले. आता थकले होते, पण उठले आणि टाळी वाजवली.

"हिंदुराव, जमलं बघा आता तुम्हाला!"

अण्णा ऐटीत खाली उतरले. मिशीवरून हात फिरवला.

"सराव, आबा," ते म्हणाले, आणि वळून मला उतरायला हात दिला. "शिवाय रंगराव भितात. म्हणून जरा जपून उतरवतो."